न्यायासनाचे वाचन

न्यायालयाची निकालपत्रे वाङ्मयसमीक्षेचा विषय मानण्याची रीत आपल्याकडे नाही. वकील ती वाचतो ती आपल्या उपयोगाचे एखादे वाक्य हाती लागेपर्यंत, आणि पक्षकार वाचतो ते शेवटचे पान. तथापि निकालपत्र हेही एक लेखनच होय. इतकेच की ते बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी लेखनाविषयी लिहिलेले असते. कायद्याचे कलम, सरकारी आदेश, आरोपीचे भाषण, अडविलेले पुस्तक, यांपैकी काही ना काही न्यायाधीशापुढे ठेवलेले असते आणि त्याचा अर्थ त्याला लावावयाचा असतो. अर्थ लावणाऱ्याचे वाचन कसे आहे, हे पाहण्याचा अधिकार टीकाकारास असलाच पाहिजे. देशाच्या सुरक्षिततेचे कारण सांगून शासनाने एखाद्याचे स्वातंत्र्य आवळले आणि त्याने न्यायालयाचे दार ठोठावले, अशा काही खटल्यांकडे या एकाच दृष्टीने पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

देवळात पुराण ऐकावयास बसणाऱ्या वाचकांस अर्थनिर्णयाचे शास्त्र अपरिचित नाही. उपक्रम, उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती ही मीमांसकांनी तात्पर्य ठरविण्यासाठी सांगितलेली लक्षणे. ग्रंथ कोठे सुरू होतो व कोठे संपतो, पुनःपुन्हा काय सांगतो, नवे काय सांगतो, त्यातून निष्पन्न काय होते, स्तुतिनिंदेचा भाग कोणता आणि युक्तिवादाचा कोणता, हे सारे पाहून मग म्हणावयाचे की ग्रंथकर्त्याचा अभिप्राय अमुक. मधलाच एक श्लोक उचलून त्यावर मांडव घालावयाचा नाही. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'च्या आरंभीच लोकमान्य टिळकांनी या नियमाची चर्चा केलेली आहे. पुढच्याच वर्षी त्यांच्या स्वतःच्या भाषणांना हाच नियम लावण्याचा प्रसंग मुंबईच्या उच्च न्यायालयावर आला. आणि त्या भाषणांपैकी पहिले झाले होते आपल्या बेळगावात.

एप्रिल १९१६ च्या अखेरीस टिळकांनी बेळगाव येथे होमरूल लीग स्थापन केली आणि १ मे रोजी तेथेच स्वराज्यावर मराठीत भाषण केले. मे महिन्याच्या शेवटी व जूनच्या आरंभी अहमदनगरला आणखी दोन भाषणे झाली. पोलिसांनी ती टिपून घेतली, त्यांची इंग्रजी भाषांतरे झाली, आणि २३ जुलैला, टिळकांची साठ वर्षे पूर्ण होत असताना, एकीकडे लाख रुपयांची थैली अर्पण होत होती तर दुसरीकडे मॅजिस्ट्रेटची नोटीस हाती पडली. ही नोटीस राजद्रोहाच्या शिक्षेची नव्हती. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील १०८ व्या कलमाखाली ती काढलेली होती. या कलमाचा विशेष असा की ते झालेल्या कृत्याबद्दल दंड करीत नाही; पुढे होऊ शकेल अशा कृत्याच्या भयाने माणसाला आधीच बांधून ठेवते. ऑगस्टमध्ये पुण्याचे जिल्हा मॅजिस्ट्रेट हॅच यांनी हुकूम केला की टिळकांनी एक वर्ष चांगल्या वर्तणुकीबद्दल वीस हजार रुपयांचा जातमुचलका व दहा दहा हजारांचे दोन जामीन द्यावेत. पैशाची गोष्ट दुय्यम होती. वर्षभर एका तोंडाला कुलूप घालण्याचा तो उपाय होता.

आठ वर्षांपूर्वीच्या खटल्यात टिळकांचे लेखन कसे वाचले गेले होते, हे येथे आठवावे. १९०८ साली 'केसरी'तील लेखांची इंग्रजी भाषांतरे सात युरोपियन आणि दोन हिंदी माणसांच्या ज्यूरीपुढे ठेवली गेली. टिळकांनी स्वतः उभे राहून शब्दाशब्दाच्या अर्थच्छटा समजावून सांगितल्या, भाषांतर कोठे घसरले ते दाखविले. आणि सात विरुद्ध दोन अशा मताने त्यांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या ज्यूरीने निर्णय दिला तो टिळकांच्या मराठीवर नव्हताच. दुसऱ्याच्या इंग्रजीवर होता.

१९१६ साली निराळे घडले. उच्च न्यायालयात बॅरिस्टर जिना टिळकांच्या बाजूने उभे राहिले. न्या. बॅचलर व न्या. शहा यांनी ९ नोव्हेंबरला मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द केला. बॅचलर यांच्या निकालपत्राचा कणा असा की भाषण समग्र घ्यावे, मोकळ्या व न्याय्य मनाने वाचावे, सुटी वाक्ये वेचून त्यांवर भार देऊ नये, आणि ते ऐकणाऱ्यांच्या मनावर एकंदर परिणाम काय होईल ते पाहावे. भाषणांत कडक, झोंबणारी वाक्ये नव्हती असे नाही. परंतु भाषणांचा रोख राज्य उलथण्याकडे नसून कारभाराची सूत्रे लोकांच्या हाती यावीत इकडे आहे, हे त्या इंग्रज न्यायाधीशास दिसले. बेळगावच्या भाषणात टिळकांनी सरकार म्हणून जी अव्यक्त संस्था आहे ती निराळी आणि रोज बदलणारी दृश्य नोकरशाही निराळी, असा वेदान्ताच्या परिभाषेशी नाते सांगणारा भेद केला होता. देव आणि बडवे यांतला भेद ज्यांस कोणी शिकवावा लागत नाही अशा श्रोत्यांपुढे तो केला होता. उपक्रम-उपसंहाराचे नाव बॅचलर यांनी ऐकले असण्याचा संभव थोडा. पण त्यांनी केले ते तेच. 'न्यायाधीश उदार होता' एवढे म्हणून हा निकाल बाजूला ठेवणे मला पटत नाही. हॅच आणि बॅचलर दोघेही त्याच साम्राज्याचे नोकर होते आणि दोघांपुढे तीच भाषांतरे होती. एकाने वाक्ये वाचली, दुसऱ्याने भाषण वाचले.

मात्र त्या निकालाने कलम तसेच राहिले. १९७३ च्या संहितेत ते १०८ याच क्रमांकाने आले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते १२७ व्या क्रमांकावर बसले आहे. टिळकांच्या नावाने आपण टिळकवाडी वसविली. टिळकांना ज्या कलमाने बांधू पाहिले ते कलमही जपून ठेवले.

यानंतरचा जो खटला मला या विषयात सर्वांत बोलका वाटतो तो एका मराठी पुस्तकाचा आहे. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनच्या आक्रमणामुळे आणीबाणी पुकारली गेली. मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग राष्ट्रपतींच्या आदेशाने आखडला आणि भारत संरक्षण नियमांखाली अनेकांना स्थानबद्ध करण्यात आले. मुंबईच्या तुरुंगात असलेल्या अशा स्थानबद्धांपैकी एक होते प्रभाकर पांडुरंग संझगिरी, पुढे कम्युनिस्ट चळवळीतील नेते म्हणून महाराष्ट्राला परिचित झालेले. तुरुंगात त्यांनी मराठीत एक ग्रंथ लिहिला, 'अणूच्या अंतरंगात'. विषय निव्वळ पदार्थविज्ञानाचा. लिहिण्यास सरकारने परवानगी दिली होती. हस्तलिखित प्रकाशनासाठी पत्नीकडे धाडू द्यावे असा अर्ज संझगिरींनी केला, आणि मार्च १९६५ मध्ये महाराष्ट्र सरकारने नकार दिला.

हा नकार देणाऱ्याने ते बाड उघडून पाहिले होते काय? पाहिले असते तर पदार्थविज्ञानाचे सुबोध मराठी पुस्तक राष्ट्राच्या संरक्षणाला बाधक कसे, हा प्रश्न त्याला पडावयास हवा होता. मराठीत शास्त्रीय लेखन होत नाही म्हणून साहित्यसंमेलनांतून हळहळ करणारे आपण. आणि एक माणूस चार भिंतींच्या आत बसून ते करतो तर आपलेच सरकार ते अडवून धरते. सरकारचा युक्तिवाद मोठा मासलेवाईक होता. स्थानबद्धाला कोणकोणत्या सवलती द्यावयाच्या हे नियमांत नमूद आहे; त्यांत पुस्तक प्रसिद्ध करण्याची सवलत नाही; म्हणून तो अधिकार नाही. म्हणजे माणूस आत गेला की त्याच्यापाशी काहीच उरत नाही, आणि जे काही परत मिळते ते नियमाच्या कृपेने.

मुंबई उच्च न्यायालयाने हे मानले नाही. पुस्तक शास्त्रीय स्वरूपाचे आहे याची खात्री करून घेऊन त्याने हस्तलिखित बाहेर पाठवू द्यावे असे फर्माविले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. ६ सप्टेंबर १९६५ रोजी न्या. सुब्बाराव यांनी लिहिलेले निकालपत्र जाहीर झाले. त्याच दिवशी भारतीय सेना पंजाबची सरहद्द ओलांडून लाहोरच्या रोखाने निघाली होती. युद्धाच्या त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने शांतपणे सांगितले की नियमांतील अटी या सवलतींची यादी नसून स्वातंत्र्यावरील निर्बंधांची यादी आहे. ज्याला नियमाने मनाई नाही ते स्थानबद्धालाही करता येते. आणि नियमाबाहेर जाऊन केलेल्या सरकारी कृतीला आणीबाणीचे कवच मिळत नाही. 'सवलत' आणि 'निर्बंध' या दोन शब्दांतला भेद ओळखणे एवढ्यावर हा खटला फिरला. वाचनाची किंमत यापेक्षा स्पष्ट कोठे दिसावी!

तरीही टीकाकाराने येथे थांबता कामा नये. सुब्बारावांचे हे निकालपत्र जितके नेटके, तितकेच ते मर्यादितही आहे. पुस्तक सुटले, पुस्तक लिहिणारा का कोंडलेला आहे हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. शिवाय सरकारने दुसऱ्या दिवशी 'स्थानबद्धाने हस्तलिखित बाहेर पाठवू नये' असा एक ओळीचा नियम केला असता, तर या निकालाच्या तर्काने त्याला सहज वाट मिळाली असती. नागरिकाने लिहिलेला कागद न्यायालयाने वाचला. सरकारने ज्या कागदावर माणसाला आत टाकले, तो कागद मिटलेलाच राहिला.

आणि खरी अडचण येथेच आहे. बेळगावचे भाषण असो की अणूचे पुस्तक असो, नागरिकाचे शब्द तपासण्यास आपली न्यायालये कधी फारशी कचरली नाहीत. १९७५-७७ च्या आणीबाणीतही मुंबई उच्च न्यायालयाने मिनू मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट' या मासिकातील अडविलेले लेख तपासले आणि सेन्सॉरचे अधिकार किती व कोठवर, हे न्या. मादन यांनी फेब्रुवारी १९७६ मध्ये विस्ताराने सांगितले. परंतु शासनाचे स्वतःचे लेखन, म्हणजे स्थानबद्धतेचा आदेश, त्यामागची कारणे, खात्याची टिपणी, ही वाचावयाची वेळ आली की न्यायासनाचा हात थबकतो. नागरिकाच्या भाषणाला लावलेली तात्पर्याची कसोटी सरकारच्या कागदाला लावताना ते संकोचते.

हा संकोच जुना आहे आणि तो आपला एकट्यांचाच नाही. १९४१ साली इंग्लंडच्या लॉर्डसभेपुढे लिव्हरसिज याचा खटला आला, तेव्हा 'वाजवी कारण असल्यास' या शब्दांचा अर्थ 'वाजवी कारण आहे असे मंत्र्याला वाटल्यास' असा चार विधिज्ञांनी केला. एकट्या लॉर्ड ॲटकिन यांनी म्हटले की इंग्रजी भाषेत असा अर्थ होऊच शकत नाही. दीड वर्षाने आपल्या फेडरल कोर्टाने मुंबईच्या केशव तळपदे यांच्या खटल्यात अधिक धैर्य दाखविले. मूळ कायद्यात, ज्यांच्याविषयी 'वाजवी संशय' आहे अशांना स्थानबद्ध करण्याचे नियम करण्याचा अधिकार होता. नियम २६ मध्ये मात्र सरकारची 'खात्री झाल्यास' एवढेच लिहिलेले होते. सर मॉरिस ग्वायर यांनी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले आणि २२ एप्रिल १९४३ रोजी तो नियम बेकायदा ठरविला. 'छोडो भारत'च्या धामधुमीत, महायुद्ध चालू असताना! सरकारने आठवड्याच्या आत वटहुकूम काढून भोक बुजविले, ती गोष्ट वेगळी.

स्वातंत्र्यानंतर पहिला मोठा प्रसंग १९५० च्या मे महिन्यात, ए. के. गोपालन यांच्या खटल्यात आला. या निकालाची निंदा करण्याची प्रथा आहे आणि ती बरीचशी रास्तही आहे, कारण बहुमताने 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' या शब्दांचा अर्थ फारच कोरडा केला. परंतु त्याच निकालातील एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याच्या १४ व्या कलमाने स्थानबद्धाला कळविलेली कारणे न्यायालयापुढे उघड करण्यासही बंदी होती. म्हणजे न्यायाधीशाने न्याय करावा, पण कागद पाहू नये. हे कलम मात्र सर्व सहाही न्यायाधीशांनी घटनाबाह्य ठरविले. सल्लागार मंडळाकडे न जाता तीन महिन्यांहून अधिक काळ डांबण्याची मुभा देणारे १२ वे कलमही अवैध आहे, असे न्या. फाझल अली आणि न्या. मेहेरचंद महाजन यांचे मत पडले. हे महाजन म्हणजे १९६७ च्या ज्या अहवालाचे नाव काढताच आपल्या सीमाभागात आजही आवाज चढतात, त्याचेच कर्ते. त्या अहवालाविषयी ज्याचे जे मत असेल ते असो, स्थानबद्धतेच्या कायद्याचे त्यांनी केलेले वाचन सावध होते, हे त्यांच्या श्रेयात मांडावयास हवे.

सव्वीस वर्षांनी हेच कलम दुसऱ्या वेषात परत आले. १९७१ च्या 'मिसा' कायद्यात आणीबाणीच्या काळी १६-अ हे कलम घुसविण्यात आले आणि त्याच्या नवव्या पोटकलमाने स्थानबद्धतेची कारणे गोपनीय ठरविली. ती स्थानबद्धाला कळवावयाची नाहीत आणि न्यायालयालाही दाखवावयाची नाहीत. बेंगळुरूच्या तुरुंगात तेव्हा अडवाणी, वाजपेयी, श्यामनंदन मिश्र आणि आपल्या कोकणातून निवडून गेलेले मधु दंडवते होते. त्यांच्या याचिका कर्नाटक उच्च न्यायालयापुढे होत्या. देशातील नऊ उच्च न्यायालयांनी अशा याचिका ऐकता येतात असा कौल दिला. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जबलपूरच्या खटल्यात चार विरुद्ध एक अशा मताने तो फिरविला. हेबिअस कॉर्पसचा अर्ज ऐकावयाचाच नाही, मग कारणे वाचण्याचा प्रश्न कोठून येणार?

या निकालावर कायद्याच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याची भाषा पाहिली म्हणजे मला निराळेच काही जाणवते. न्या. बेग यांनी लिहिले की स्थानबद्धांची शासन घेत असलेली काळजी जवळजवळ मातेसारखी आहे. न्या. यशवंतराव चंद्रचूड हे पुण्यात वाढलेले, भाषेवर प्रभुत्व असलेले न्यायाधीश. कैद्यांचा छळ होईल ही वकिलांची भीती त्यांनी आपल्या हिऱ्यासारख्या तेजस्वी व कठीण आशेने दूर सारली. ज्या निकालात पुरावा पाहिला जातो तेथे आईही येत नाही आणि हिराही येत नाही. तेथे तारखा येतात, कलमे येतात, कोणी कोणाला केव्हा काय कळविले ते येते. फाईल पुढे नसली की तिच्या रिकाम्या जागी उपमा येऊन बसते. न्या. हंसराज खन्ना यांच्या भिन्न मताच्या निकालपत्रात अलंकार नाहीत असे नव्हे, पण तेथे ते युक्तिवादाची जागा घेत नाहीत. अनुच्छेद २१ नसता तरी कायद्याच्या आधाराविना कोणाचे प्राण वा स्वातंत्र्य हिरावण्याचा अधिकार शासनाला आला असता काय, हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला व त्याचे उत्तर 'नाही' असे दिले. जानेवारी १९७७ मध्ये ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला गेले आणि खन्ना राजीनामा देऊन घरी गेले. जबलपूरचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट शब्दांत रद्दबातल ठरविला तो २४ ऑगस्ट २०१७ रोजी, आणि तो रद्द करणाऱ्या प्रमुख निकालपत्राचे लेखक यशवंतरावांचेच पुत्र धनंजय चंद्रचूड होते.

आता भाषेचा प्रश्न. सीमाभागातील वाचकास तो सर्वांत जवळचा. १९६१ साली नागपूरच्या हरिकिसन नावाच्या इसमाला स्थानबद्ध करून त्याची कारणे इंग्रजीत देण्यात आली. इंग्रजी समजत नाही, हिंदीत द्या, असे त्याने मागितले. उत्तर आले की इंग्रजी ही अजून राजभाषा आहे, शिवाय अधिकाऱ्याने तोंडी समजावून सांगितले आहे. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची मुक्तता केली. घटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये कारणे 'कळविणे' म्हणजे ती स्थानबद्धाला समजेल अशा भाषेत व अशा रीतीने देणे की त्याला त्यावर आपले म्हणणे मांडता यावे. भला मोठा कागद तोंडी उलगडून सांगितल्याने ते साधत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच दंडक साध्या अटकेच्या कारणांनाही लावला: ती लेखी द्यावीत आणि अटक झालेल्याला कळणाऱ्या भाषेत द्यावीत.

माझ्याकडे निपाणीकडील एक तंबाखू पिकविणारा शेतकरी एकदा कागद घेऊन आला. शांतताभंगाच्या संभवाबद्दल मुचलका का घेऊ नये, अशी ती नोटीस होती. ती कन्नडमध्ये होती. त्याला मराठीखेरीज वाचता येत नव्हते. शेजाऱ्याने वाचून दाखविले त्यावरून त्याची अशी समजूत झाली होती की त्याला आधीच दंड झाला आहे, आणि तो पैसे बरोबर घेऊनच आला होता. कन्नड ही या राज्याची राजभाषा आहे, तिचा मान राखलाच पाहिजे, आणि नोटीस ही स्थानबद्धता नव्हे. हरिकिसनचा निर्णय तेथे जसाच्या तसा लागू होत नाही, हे वकील या नात्याने मला ठाऊक आहे. परंतु ज्याला बांधावयाचे त्यालाच दोर कसला आहे ते कळू नये, यात कोणाच्या भाषेचा सन्मान होतो?

आणि येथे आपल्या मंडळींस न रुचणारी एक गोष्ट सांगणे भाग आहे. हरिकिसनला इंग्रजी कागद देऊन डांबणारे सरकार कोणते? महाराष्ट्राचे. संझगिरींचे मराठी पुस्तक अडवून सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढणारे सरकार कोणते? तेही महाराष्ट्राचेच, आणि राज्यस्थापनेस तेव्हा पुरी पाच वर्षे झाली नव्हती. १ नोव्हेंबरला होणाऱ्या बंदीहुकुमांबद्दल, कोगनोळी नाक्यावर अडविल्या जाणाऱ्या नेत्यांबद्दल आपण तावातावाने बोलतो, ते योग्यच आहे. परंतु पलीकडच्या बाजूस शासन मराठी बोलते म्हणून त्याची बेडी सैल असते असे मानणे हा भाबडेपणा आहे. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले, तेव्हा त्यातील 'बेकायदेशीर कृत्य' या शब्दांची व्याप्ती किती आहे हे येथल्या कितीजणांनी वाचून पाहिले?

अलीकडच्या काळात न्यायालयाचे वाचन कोठे आहे? चित्र संमिश्र आहे. २०१९ साली वटाली याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखालील जामीन अर्जाच्या वेळी पुराव्याची बारकाईने छाननी करू नये असे बजावले. त्याचा व्यवहारातील अर्थ असा झाला की सरकारी पक्षाने ठेवलेले कागद वरवर चाळून बंद करावेत. उलट जुलै २०२३ मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणातील व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांस जामीन देताना त्याच न्यायालयाने कागद उघडले आणि नोंदविले की हिंसेचा पुरस्कार करणारे साहित्य नुसते जवळ असणे हा स्वतः गुन्हा होत नाही. दोघे तोवर जवळजवळ पाच वर्षे आत होते.

सर्वांत महत्त्वाचा मला एप्रिल २०२३ चा 'मीडिया वन' या मल्याळम वृत्तवाहिनीचा निकाल वाटतो. सुरक्षेच्या कारणावरून गृहखात्याने मंजुरी नाकारली आणि वाहिनी बंद पडली. कारणे वाहिनीला सांगितली गेली नाहीत. केरळ उच्च न्यायालयाला ती मोहोरबंद लिफाफ्यात दिली गेली, आणि न्यायाधीशांनी ती वाचून याचिका फेटाळली. येथे न्यायालयाने वाचले नाही असे म्हणता येणार नाही. वाचले, पण एकट्याने वाचले. ज्याच्याविषयी लिहिले होते तो दाराबाहेर उभा होता. सर्वोच्च न्यायालयाने हे वाचन वाचनच नव्हे असे ठरविले. राष्ट्रीय सुरक्षिततेचे नाव हवेतून काढून चालत नाही. कागद लपवावयाचा तर का लपवावयाचा याचे कारण दिले पाहिजे. शासनावर टीका करणे म्हणजे राष्ट्राविरुद्ध वागणे नव्हे. पुराणिकाने पोथी सोडावी आणि शंका विचारणारा श्रोताच समोर नसावा, तर अर्थ कसाही लागतो, हे आपल्या सभामंडपात बसणाऱ्या कोणासही पटेल. प्रतिपक्षाच्या शंकेवाचून झालेला अर्थनिर्णय मीमांसकांनीही मानला नसता. तेथे आधी पूर्वपक्ष मांडावा लागतो.

बेळगावकरास या साऱ्याचा उपयोग किती, हा व्यवहाराचा प्रश्न उरतो. आपल्याकडे बहुधा गाठ पडते ती दोन-चार दिवसांच्या आदेशाशी: जमावबंदी, प्रवेशबंदी, मेळाव्याला परवानगी नाकारणे. पूर्वीचे १४४ वे कलम आता १६३ झाले आहे. जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या संचारबंदीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, त्यांत कारणे दिली पाहिजेत, आणि तेच ते आदेश पुनःपुन्हा काढणे हा अधिकाराचा दुरुपयोग होय. आदेश सायंकाळी निघतो, मेळावा दुसऱ्या सकाळी असतो. याचिका धारवाडच्या खंडपीठापुढे न्यावयाची. नक्कल मिळवावयाची, कन्नड मजकुराचे इंग्रजी करावयाचे, प्रतिज्ञापत्र करावयाचे. सुनावणीची तारीख येते तोवर आदेशाची मुदत संपलेली असते, सरकारी वकील तसे निवेदन करतात, आणि आता निर्णय देण्यासारखे काही उरले नाही म्हणून याचिका निकालात निघते. आदेशात कारणे कोणती लिहिली होती, ती गेल्या वर्षीच्या आदेशातून उतरून घेतलेली होती काय, हे पाहण्याची मग कोणालाच गरज राहत नाही, आणि तो कागद न वाचता फाईलला लागतो.